दोन्ही हात एकदम

२०२४चा जून. दादर स्टेशनचा जिना उतरताना उजवा गुडघा आतल्या बाजूनं असा काही चमकायचा की मी मधेच कठडा धरून उभी राहायचे, आणि मागून येणारी सकाळची सगळी गर्दी माझ्या नावानं खडे फोडत दोन्ही बाजूंनी निघून जायची. आठवडाभर बाम चोळून पाहिला, मग डॉक्टर गाठला. तरुण माणूस, बोलायला कमी. मला टेबलावर आडवं केलं, पाय उचलला, एक हात गुडघ्याला बाहेरून लावला आणि दुसऱ्या हातानं घोटा हळूच बाहेरच्या बाजूला ढकलला. मी "आई गं" म्हणाले. त्यानं पाय खाली ठेवला.

"पोहायचात का तुम्ही?"

"तीस वर्षांपूर्वी."

"ब्रेस्ट?"

मला हसूच आलं. मी राज्य पातळीवर पोहले आहे हे माझ्या नवऱ्याला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं होतं, तेही माळ्यावरून पडलेल्या एका बिल्ल्यामुळे. या माणसाला दोन मिनिटांत कळलं, आणि कुठल्या प्रकारात तेसुद्धा. या दुखण्याला "ब्रेस्टस्ट्रोकर्स नी", म्हणजे ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्यांचा गुडघा, असंच नाव आहे, तो म्हणाला. गुडघ्याच्या आतल्या अंगाचा जो अस्थिबंध असतो, तो वर्षानुवर्षं ताणला जातो. बाकी वय, वजन आणि जिने आहेतच.

ज्यांनी कधी तलावावर दिवस काढले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, ब्रेस्टस्ट्रोकची किक म्हणजे बेडकाची किक. टाचा वर ओढून घ्यायच्या, पावलं बाहेर वळवायची, पोटऱ्यांच्या आणि पावलांच्या आतल्या बाजूनं पाणी धरायचं, आणि पाय चाबकासारखे मागे फेकून एकमेकांना मिळवायचे. माणसाचा गुडघा म्हणजे दाराची बिजागरी. पुढंमागं उघडमीट करायला केलेली. तिला आम्ही दिवसातून हजारवेळा बाजूला वाकायला लावत होतो, आणि वर कोच ओरडत होते, "पावलं अजून बाहेर!"

माझी पावलं जन्मतःच बाहेर वळलेली. "बदकासारखी चालते," असं आजी सगळ्यांदेखत म्हणायची आणि पुढं माझ्या लग्नाची काळजी करायची. शिवाजी पार्कजवळच्या महात्मा गांधी तलावावर मी पहिल्यांदा गेले तेव्हा आठ वर्षांची होते. महिनाभर सरांनी मला फ्री, म्हणजे मुक्तशैली, पोहायला लावलं आणि महिनाभर मी सगळ्यांच्या मागे. मग एक दिवस मी पाण्यातून निघून कपडे बदलायच्या खोलीकडे चालले होते, ओल्या पावलांचे ठसे लादीवर उमटत होते, तर सर ठशांकडे बघत राहिले. बाबांना म्हणाले, "हिला ब्रेस्टला टाकू या. ही चालतेच किक मारत." आजीला घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसला नाही. वाकड्या पायांचा कुणाला उपयोग होऊ शकतो, हे तिच्या हिशेबात बसणारं नव्हतं.

बाबा मूळचे वेंगुर्ल्याकडचे. ते पोहायला शिकले ते कमरेला दोन असोले नारळ बांधून, विहिरीत. काकांनी मागून ढकललं, चार गटांगळ्या खाल्ल्या, नाकातोंडात पाणी गेलं, शिक्षण संपलं. त्यामुळे पोहणं शिकवायला माणूस लागतो, त्याला फी द्यावी लागते आणि त्यातही चार प्रकार असतात, हे पचायला त्यांना थोडा वेळ लागला. पण एकदा पचल्यावर मात्र ते माझ्याहून जास्त त्यात पडले. आम्ही परळला भोईवाड्यात राहायचो. बाबा बेस्टमध्ये हिशेबखात्यात. पहाटे पाचला उठायचं, पहिल्यापैकी एखादी बस धरायची, मी पाण्यात आणि बाबा कट्ट्यावर. हातात साखळीचं किल्लीवालं स्टॉपवॉच, दुसऱ्या हातात आदल्या वर्षीची न वापरलेली डायरी. माझा प्रत्येक लॅप त्या डायरीत. हिशेबखात्यातला माणूस, त्याला आकडा लिहिल्याशिवाय घडलेली गोष्ट घडली असं वाटतच नाही.

जानेवारीत पाणी इतकं गार असायचं की पहिल्या लॅपला छातीत श्वास अडकायचा. जुलैत उलटं: वरून पाऊस बदाबदा कोसळायचा आणि पाण्यातच जास्त ऊब वाटायची. ब्रेस्ट पोहणाऱ्याला पाऊस डोळ्यासमोर दिसतो, हे एक सुख. तोंड वर आलं की पाण्याच्या पृष्ठभागावर उसळणारे थेंब अगदी डोळ्यांच्या पातळीवर, तोंड खाली गेलं की सगळा आवाज बंद. वर आवाज, खाली शांतता, वर आवाज, खाली शांतता. फ्रीवाल्यांना हे कळायचं नाही, त्यांचं आपलं एका कानात पाऊस आणि एका कानात पाणी.

त्याच वेळी शेजारच्या लेनमध्ये बायकांची बॅच असायची. तिथल्या काकू मान पूर्ण वर ठेवून, केस कोरडे ठेवून, भाजीच्या भावाबद्दल बोलत सावकाश ब्रेस्ट मारायच्या. आम्ही मुली त्यांना हसायचो. पुढं कधीतरी वाचलं की १८७५ साली मॅथ्यू वेब इंग्लिश खाडी पोहून गेला तो ब्रेस्टस्ट्रोकनंच, पावणेबावीस तास, आणि तेव्हा काकूंबद्दलचा माझा आदर एकदम वाढला. खाडी पार करायची तर तोही मान वर ठेवूनच गेला असणार.

आता जरा आकड्यांत जाते, बाबांची मुलगी आहे. पुरुषांच्या शंभर मीटर मुक्तशैलीचा विश्वविक्रम ४६.४० सेकंदांचा आहे, चीनच्या पान झानलेनं २०२४ साली पॅरिसमध्ये केलेला. शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा विश्वविक्रम ५६.८८, इंग्लंडच्या अ‍ॅडम पीटीचा, २०१९ साली ग्वांगजूत. साडेदहा सेकंदांचा फरक. तेच अंतर, तेच पाणी, तशीच मरमर मेहनत. पीटीचा हा वेग ताशी सव्वासहा किलोमीटरच्या किंचित वर जातो, म्हणजे इतिहासातला सर्वांत वेगवान ब्रेस्टस्ट्रोकपटू दादरच्या पुलावरून गाडी पकडायला निघालेल्या माणसाच्या चालीनं पोहतो. यात त्याला कमी लेखायचा हेतू नाही. उलट हे कळल्यावर मला हा प्रकार खरा उमगला.

बाकीच्या तिन्ही प्रकारांत हात पुढं आणायचा तो हवेतून. इथं तो पाण्यातूनच पुढं न्यावा लागतो, नियमानं कोपर पाण्याबाहेर काढायची सोय नाही. पायही तसेच: मागे फेकण्याआधी ते पुढं ओढून घ्यायचे, म्हणजे मांड्यांनी पाण्याला समोरून धडक द्यायची. प्रत्येक स्ट्रोकला माणूस आधी स्वतःलाच ब्रेक लावतो. एका क्षणी वेग जवळजवळ शून्यावर येतो, मग किक बसते, अंग सुटतं, थोडं सरकतं आणि पुन्हा ब्रेक. शंभर मीटरमध्ये हे चाळीस-पन्नास वेळा. चारही प्रकारांत हा सर्वांत हळू आणि दमवणारा. आणि बाकीच्यांत मुख्य जोर हातांचा, तर इथं पायांचा. म्हणून एखादा पट्टीचा फ्री पोहणारा ब्रेस्टमध्ये अगदीच सामान्य निघतो, आणि फ्रीमध्ये शेवटून पहिली येणारी बदकचालीची मुलगी इथं पुढं जाते.

सरांचा सगळा भर "पाण्याला कमी अड" यावर. जोर लाव असं ते क्वचितच म्हणायचे. किक मारून झाली की हात पुढं, डोकं दोन दंडांच्या मधे, आणि काही करायचं नाही. नुसतं सरकायचं. बारा वर्षांच्या मुलीला स्पर्धेत काही न करणं शिकवणं किती अवघड असेल, ते मला आता कळतं. शेजारची पुढं जाताना दिसते आणि आपण मुडद्यासारखं आडवं होऊन "एक... दोन..." मोजायचं. मी नेहमी दोनच्या आधीच हात ओढायचे. सर कट्ट्यावरून दोन बोटं दाखवायचे. बाबा डायरीत लिहायचे: "घाई."

पीटीचं सुरुवातीचं प्रकरण वाचताना म्हणून मला फार जवळचं वाटलं. स्टॅफर्डशरमधल्या यूटॉक्सिटर नावाच्या लहान गावातला हा मुलगा. लहानपणी टबातल्या पाण्यालासुद्धा घाबरायचा, कारण मोठ्या भावांनी सांगितलं होतं की भोकातून शार्क येतो. चौदाव्या वर्षी तो मेल मार्शल या कोचपुढं आला. ती स्वतः ऑलिंपिकला जाऊन आलेली. त्याची फ्री बघून तिला विशेष काही वाटलं नाही. मग त्यानं ब्रेस्ट पोहून दाखवलं. पुढचा सगळा इतिहास त्या एका लॅपपासूनचा आहे. २०१५ साली शंभर मीटर ५८ सेकंदांच्या आत पोहणारा तो पहिला माणूस, २०१९ साली ५७च्या आत पोहणाराही तोच. रिओत ५७.१३चा विश्वविक्रम करून सुवर्ण, टोकियोत पुन्हा सुवर्ण. २०१४पासून २०२२पर्यंत मोठ्या स्पर्धेत शंभर मीटर ब्रेस्टला त्याला कुणी हरवलं नव्हतं. आठ वर्षं! मग पायाचं हाड मोडलं, त्यातून उठून बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत उतरला आणि चौथा आला. त्यानंतर मन ढासळलं, दारू वाढली, २०२३ साली काही काळ पाण्यापासून लांब गेला. हे त्यानं स्वतःच उघड सांगितलं आहे. आपल्याकडे खेळाडूंच्या चरित्रात हा भाग सहसा एका ओळीत गुंडाळतात. मीही गुंडाळलाच की.

रूता मेलुटिटे या लिथुआनियाच्या मुलीबद्दल मात्र मी गुंडाळणार नाही, कारण तिथं माझा वैयक्तिक मत्सर आहे. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ती पंधरा वर्षांची होती आणि तिनं शंभर मीटर ब्रेस्टचं सुवर्ण घेतलं. १:०५.४७. अमेरिकेची रेबेका सोनी आठ शतांश सेकंदांनी मागे. पंधराव्या वर्षी माझा सर्वोत्तम वेळ एक मिनिट सव्वीस सेकंद होता. बाबांनी दुसऱ्या दिवशी पेपर बघून पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला: तिनं भिंतीला हात लावला तेव्हा तू शहात्तर मीटरवर असतीस. म्हणजे अजून जवळजवळ अर्धा तलाव बाकी. "पण बदकासारखी तीही चालत असेल," असं वर. पुढं तिची कारकीर्द उतरली, उत्तेजक चाचण्या चुकवल्याबद्दल २०१९ साली बंदी आली, तिनं निवृत्ती जाहीर केली. आणि मग ती परत आली. २०२३ साली फुकुओकात पन्नास आणि शंभर दोन्हींत जगज्जेती, पन्नास मीटरचा २९.१६चा विश्वविक्रम. सव्वीस वर्षांची. त्या वयात मी बँकेच्या काउंटरवर बसून पासबुकं भरत होते.

आपल्याकडचं नाव घ्यायचं तर दिल्लीचा संदीप सेजवाल. बीजिंग ऑलिंपिकला गेला, आणि २०१४च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर ब्रेस्टस्ट्रोकला कांस्य मिळवलं. १९५१ साली सचिन नाग यांचं सुवर्ण, १९८६ साली सोलला खजान सिंग यांचं रौप्य, २०१० साली आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं कांस्य, मग सेजवाल. पोहण्यातली आशियाई पदकं आठवायला बसलं की ही नावं येतात आणि मधली दशकं मोकळी. त्यात पन्नास मीटर ब्रेस्ट ऑलिंपिकमध्ये नव्हतंच. ते आता २०२८ला लॉस एंजलिसला येतंय. सेजवालसारख्याला त्याचं काय, त्याची गाडी निघून गेली.

नियमांबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. या प्रकाराएवढा संशयानं पछाडलेला दुसरा प्रकार पोहण्यात नाही. १९५६ साली मेलबर्नला जपानच्या मासारु फुरुकावानं दोनशे मीटरमधलं बरंचसं अंतर पाण्याखालून कापलं आणि सुवर्ण नेलं, कारण खाली लाटांचा अडथळा नाही. मग नियम आला: डोकं वर काढा. २००४ साली अथेन्सला जपानच्याच कोसुके किताजिमानं जिंकलं आणि त्यानं पाण्याखाली डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून शेपटीसारखी किक, मारल्याची ओरड अमेरिकनांनी केली. पुढल्या वर्षी सूर मारल्यावर आणि टर्नला एक डॉल्फिन किक मारायची परवानगीच देऊन टाकली. २०१२ साली दक्षिण आफ्रिकेचा कॅमेरॉन व्हॅन डर बर्ग ५८.४६चा विश्वविक्रम करून जिंकला आणि नंतर सरळ सांगून मोकळा झाला की मी जास्तीच्या किक मारल्या, सगळेच मारतात. लबाडी झालीच. पण त्या शर्यतीबद्दल मला राग येत नाही, कारण त्यानं ते पदक अलेक्झांडर डाले ओएनला वाहिलं होतं. नॉर्वेचा हा मुलगा २०११ साली, नॉर्वेतल्याच उटोया बेटावरच्या हत्याकांडानंतर तीनच दिवसांनी, शांघायला शंभर मीटरचा जगज्जेता झाला होता. जिंकल्यावर टोपीवरच्या आपल्या झेंड्याकडे बोट दाखवत राहिला. लंडन ऑलिंपिकला तीन महिने उरले असताना अमेरिकेतल्या सराव शिबिरात हृदय बंद पडून गेला. सव्वीसाव्या वर्षी.

पण जो नियम लहान मुलीलाही पाठ असतो तो वेगळाच. टर्नला आणि शेवटी भिंतीला दोन्ही हात एकदम लागले पाहिजेत. वरखाली चालतील, पण एकदम. "ब्रेस्टवाल्याला दोन हात असतात," सर म्हणायचे.

१९९२. राज्य स्पर्धा, मुलींचा शंभर मीटर ब्रेस्ट. मी चार नंबरच्या लेनमध्ये, म्हणजे हीटमध्ये, प्राथमिक फेरीत, सर्वांत चांगला वेळ माझा. पहिले पन्नास मीटर असे गेले की आयुष्यात कधी गेले नाहीत. ते "एक... दोन..." मोजणं पहिल्यांदाच जमत होतं. पाणी अडवतच नव्हतं. दोन्ही बाजूंना डोकी दिसत नव्हती, म्हणजे सगळ्या मागे. भिंत आली. टर्न घेतला. परतीला पंचाहत्तरनंतर मांड्या दगड झाल्या, तरी पहिली आले. गॉगल कपाळावर चढवून वर बघितलं तर टर्नच्या टोकाला पांढऱ्या साडीतल्या एक पंच बाई हात वर करून उभ्या होत्या. सरळ, उभा, न हलणारा हात. माझ्या लेनवर.

डीक्यू, म्हणजे अपात्र. टर्नला एका हातानं टच.

बाबांचा आवाज त्या दिवशी मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. एरवी बसमधल्या कंडक्टरशीही वाद न घातलेला माणूस. "दोन्ही हात लागले होते! मी स्वतः पाहिलं." लेखी तक्रार द्यायची तर पैसे भरावे लागतात असं कळलं. बाबांनी खिसे चाचपले, परतीचं तिकीट आणि जेवणाचे पैसे बाजूला काढले, उरलेले मोजले. पुरत नव्हते. पंच बाई शांतपणे एवढंच म्हणाल्या, "उजवा लागला. डावा वाटेत होता." रात्रीच्या पॅसेंजरनं परत आलो. डब्यातल्या दशम्या तशाच राहिल्या. बाबांनी डायरीत माझा वेळ लिहिला, १:२४.३, आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. तो वेळ कुठल्याच अधिकृत कागदावर नाही. माझ्या कारकिर्दीतला सर्वांत चांगला वेळ तोच. आणि कागदोपत्रीचा सव्वीस.

पुढची तीस वर्षं आमच्याकडे पाहुणे आले की बाबा ही गोष्ट सांगायचे. दर वेळी थोडी वाढायची. कधी पंच बाईंना चष्मा लागायचा, कधी दुसऱ्या क्लबची मुलगी त्यांची नात्यातली निघायची. मी बारावीनंतर पोहणं सोडलं, गुडघाही कुरकुरायला लागला होता, पण घरात कारण विचारलं तर उत्तर एकच: त्या अन्यायामुळे. मीही तेच सांगायचे. सोयीचं होतं.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. तो टर्न मला आठवतो. उजव्या तळव्याखालची टाइल आठवते, बुळबुळीत, गार, तिचा एक कोपरा उडालेला, तो बोटाला लागलेला. डाव्या तळव्याखालची टाइल आठवत नाही.

पॅरिस ऑलिंपिकची शंभर मीटर ब्रेस्टची फायनल आपल्याकडे २८ जुलैची मध्यरात्र उलटून तासाभरानं होती. बाबा हल्ली आमच्याकडेच असतात, मुलुंडला. अठ्ठ्याहत्तर वर्षं, झोप अशीतशीच. मी गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधून सोफ्यावर, ते आरामखुर्चीत, मधे स्टुलावर उशीला टेकवलेला मोबाइल. बाहेर पाऊस. नवरा एकदा उठून आला, "तुम्ही दोघं वेडे आहात" म्हणून परत झोपला.

पीटी जिंकला असता तर पोहण्यातली एकच शर्यत सलग तीन ऑलिंपिकमध्ये जिंकणारा तो मायकेल फेल्प्सनंतरचा दुसरा पुरुष झाला असता. शेजारी अमेरिकेचा निक फिंक. त्याची मला विशेष ओढ, कारण तो एकतीस वर्षांचा आणि इलेक्ट्रिकल इंजिनीअर म्हणून पूर्णवेळ नोकरी सांभाळून पोहणारा. बाबांना हे सांगितल्यावर ते ताठ बसले. नोकरी सांभाळून म्हटलं की त्या माणसाबद्दल त्यांचं मत तिथंच पक्कं होतं.

शर्यत फार वेगवान नव्हतीच. पीटीच्या स्वतःच्या विक्रमापासून सगळे दोन सेकंदांहून लांब. पण शेवटचे पंधरा मीटर आठही डोकी जवळजवळ एका रेषेत, वर, खाली, वर, खाली, आणि कोण पुढं आहे ते सांगायची सोय नाही. भिंतीला हात लागले. पडद्यावर आकडे आले. इटलीचा निकोलो मार्टिनेन्गी ५९.०३. पीटी ५९.०५. फिंक ५९.०५. दोन शतांश सेकंद, आणि दोघांना रौप्य वाटून.

पीटी रडत होता, पण हसतही होता. दुसऱ्या दिवशी कळलं की त्याला कोविड झालेला.

बाबांनी मोबाइलवर पुन्हा शेवटचा टच लावायला सांगितला. मग पुन्हा. पाण्याखालच्या कॅमेऱ्यातून हात येताना दिसत होते, दहा बोटं, एकदम. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "मी घड्याळ बघत होतो गं."

"कुठल्या दिवशी?"

"पन्नासला तू आलीस तेव्हा. पन्नासचा वेळ लिहायचा होता ना. काटा बघत होतो. हात नाही बघितले."

मी काही बोलले नाही. बर्फाचं पाणी झालं होतं आणि ते पोटरीवरून ओघळत सतरंजीवर चाललं होतं. थोड्या वेळानं मी त्यांना टाइलबद्दल सांगितलं, उजव्या हाताच्या आणि डाव्या हाताच्या. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, चष्मा लावला.

"मग त्या बाई बरोबर होत्या," ते म्हणाले. आणि जरा वेळानं, हिशेब लागल्यासारखं, "चांगल्या पंच होत्या म्हणजे. पाण्यात एवढं दिसत नाही."

त्या पंच बाईंचं नाव आम्हा दोघांनाही माहीत नाही. तीस वर्षं त्यांना नावं ठेवली, पण नाव कधी विचारलं नाही.

डॉक्टरांनी मला चालायला, पोहायला सांगितलं आहे, फक्त ब्रेस्ट सोडून. मी अर्थातच सोडलेलं नाही, फक्त किक मारत नाही. पायांत पुलबॉय, म्हणजे तरंगणारा ठोकळा, अडकवते आणि नुसत्या हातांनी जाते. काकूंच्या लेनमध्ये. आता काकू मीच आहे. भाजीच्या भावाबद्दल बोलायलाही लागले आहे.

भाची इथंच कालिदासच्या तलावावर शिकते. नऊ वर्षांची, पावलं सरळ, त्यामुळे आजीच्या दृष्टीनं तिच्या लग्नाची चिंता नसती. पण तिला ब्रेस्टच आवडतं. गेल्या रविवारी तिनं हट्ट धरला की मावशी, माझा पन्नासचा वेळ घे. बाबांचं किल्लीवालं घड्याळ मी बरोबर नेलं होतं; किल्ली दिली की ते अजून चालतं. बाबा कट्ट्यावर, मांडीवर छत्री. मी टर्नच्या टोकाला उभी राहिले, गुडघे न वाकवता जेवढं वाकता येतं तेवढं वाकून. तिनं सूर मारला, पाण्याखालून बाहेर आली आणि लागलीच घाई करायला लागली. मी दोन बोटं दाखवली. तिनं बघितलं नाही. अर्ध्या तलावानंतर कुठं तिला सरकायचं सुचलं, आणि मग चार-पाच स्ट्रोक असे आले की बाबा छत्री बाजूला ठेवून उभे राहिले.

मी पाण्याकडे बघत होते. हात आले. उजवा, डावा. दोन्ही, एकदम, टप्प असा आवाज करून. बोटांची टोकं पांढरी झालेली मला दिसली.

तिनं गॉगल वर केला, धापा टाकत हसली. "किती झाले, मावशी?"

घड्याळ माझ्या मुठीत अजून चालूच होतं.